स्तन्याधिक्य आणि वाहता पान्हा : कारणे व उपाय

१. प्रास्ताविक

प्रसूतीनंतर मातेला दूध पुरेसे येईल की नाही, ही चिंता आपल्याकडे घरोघरी केली जाते. तिच्या निवारणासाठी डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतशेपा, शतावरी अशा पदार्थांची परंपराही सिद्ध आहे. परंतु याच्या उलट अवस्था, म्हणजे दूध गरजेपेक्षा अधिक येणे आणि ते वेळीअवेळी आपोआप वाहणे, हीसुद्धा अनेक मातांच्या वाट्यास येते. तिच्याविषयी मात्र क्वचितच बोलले जाते. ज्या घरात दुधाच्या विपुलतेला भाग्य मानतात, तेथे त्याच विपुलतेमुळे होणारा त्रास सांगण्यास माता संकोचते. स्तन दगडासारखे कठीण होतात, वस्त्रे भिजतात, बाळ पिताना ठसकते व रडते. आणि हे रडणे भुकेचे आहे अशी समजूत होऊन मातेला दूध वाढविणारे पदार्थ आणखी दिले जातात किंवा बाळाला वरचे दूध सुरू केले जाते. पहिल्या प्रकारात व्याधी वाढते. दुसऱ्यात बाळ अंगावरच्या दुधाला मुकते. म्हणून ही अवस्था ओळखणे व तिचे कारण समजून घेणे अगत्याचे आहे.

हा विषय नवा नाही. दिल्लीच्या करोल बागेत आयुर्वेदिक व युनानी तिब्बिया महाविद्यालय आहे. हकीम अजमल खान यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या या संस्थेची कोनशिला १९१६ मध्ये बसविण्यात आली व १९२१ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. करोल बागेतील गजबजलेल्या बाजाराचा अजमल खान मार्ग त्यांच्याच नावाने ओळखला जातो. अशा महाविद्यालयांतून जी सुश्रुतसंहिता अभ्यासली जाते, तिच्या सूत्रस्थानात स्तन्याची वृद्धी झाली असता दिसणारी लक्षणे नोंदलेली आहेत : स्तन भरून फुगणे, दूध वारंवार वाहणे आणि टोचल्यासारखी वेदना होणे. आजचा वैद्यही या अवस्थेची मुख्य लक्षणे हीच सांगेल. त्याच ग्रंथाच्या निदानस्थानात, अपत्याच्या स्पर्शाने, दर्शनाने, किंबहुना नुसत्या स्मरणानेही दूध स्रवते, असे निरीक्षण आहे. त्यामागील शारीरिक यंत्रणा मात्र विसाव्या शतकातच उलगडली.

२. दूध तयार होणे आणि पान्हा फुटणे

दूध तयार होणे व दूध बाहेर येणे या दोन निरनिराळ्या क्रिया होत. स्तनामध्ये द्राक्षांच्या घोसाप्रमाणे रचलेले असंख्य सूक्ष्म दुग्धकोष्ठ असतात. त्यांच्या अस्तरातील पेशी रक्तातून द्रव्ये घेऊन दूध तयार करतात. या कार्याला मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीच्या पुढच्या भागातून येणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक चालना देते.

प्रत्येक कोष्ठाभोवती आकुंचन पावणाऱ्या पेशींचे जाळे असते. बाळ चोखू लागले म्हणजे स्तनाग्रातील मज्जातंतूंद्वारे मेंदूस संदेश पोचतो, पिट्यूटरीच्या मागच्या भागातून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात येते, आणि त्याच्या प्रभावाने या पेशी आकसून कोष्ठांतील दूध नलिकांत ढकलतात. यालाच मराठीत पान्हा फुटणे असा अन्वर्थक शब्द आहे. ऑक्सिटोसिनची रासायनिक रचना निश्चित करून ते प्रयोगशाळेत तयार करणारे अमेरिकन शास्त्रज्ञ व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांना १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

ऑक्सिटोसिन रक्तातून वाहत असल्यामुळे ते दोन्ही स्तनांत एकाच वेळी पोचते. म्हणूनच बाळ एका बाजूला पीत असताना दुसऱ्या बाजूनेही दूध गळू लागते. या क्रियेला चोखण्याची गरज असतेच असे नाही. बाळाचे रडणे कानी पडणे, त्याच्या दुपट्याचा वास येणे किंवा बाळाची आठवण होणे एवढेही पुरते. अजमल खान मार्गावरच्या गर्दीत दुसऱ्याच कोणाचे मूल रडले आणि घरी तान्हे ठेवून खरेदीस आलेल्या मातेची चोळी भिजली, तर त्यात विकृत असे काहीच नाही. तिचे शरीर अचूकपणे आपले काम करीत आहे.

३. दुधाचे प्रमाण कसे ठरते

पहिल्या काही दिवसांत दुधाचे प्रमाण मुख्यतः संप्रेरकांवर अवलंबून असते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध जोराने उतरते, तेव्हा ते बहुधा बाळाच्या गरजेहून अधिकच असते. त्यानंतर हळूहळू स्थानिक नियंत्रण सुरू होते, म्हणजे प्रत्येक स्तन स्वतःपुरता हिशेब ठेवू लागतो.

स्कॉटलंडमधील हाना संशोधन संस्थेतील शेळ्यांवरच्या प्रयोगांनी हे स्पष्ट झाले. कासेच्या एकाच अर्ध्या भागाची धार दिवसातून अधिक वेळा काढली असता दूध त्याच भागात वाढले, दुसऱ्यात वाढले नाही. रक्तातील संप्रेरके तर दोन्ही भागांस सारखीच मिळत होती. तेव्हा वाढीचे कारण त्या भागातच असले पाहिजे, हा निष्कर्ष अटळ ठरला. पुढे ऑस्ट्रेलियात पीटर हार्टमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी मातांच्या स्तनांबाबतही असेच स्थानिक नियंत्रण दाखवून दिले. कोष्ठ दुधाने भरलेले राहिले की तेथील निर्मिती मंदावते. कोष्ठ रिकामे झाले की ती वेग घेते. या एका नियमावर पुढील सर्व उपाय आधारलेले आहेत.

पहिल्या महिन्यापासून सहाव्या महिन्यापर्यंत निरोगी बाळ चोवीस तासांत सरासरी ७५० ते ८०० मिलिलिटर दूध घेते. बाळाबाळांत मोठा फरक असू शकतो, व कोणतेही बाळ स्तनातील सर्व दूध संपवीत नाही. काही दूध मागे राहतेच. त्यामुळे केवळ स्तन भरलेले वाटतात किंवा गळतात, एवढ्यावरून स्तन्याधिक्य झाले असे म्हणता येत नाही.

४. लक्षणे

पहिल्या सहा आठवड्यांत स्तन दाटणे व दूध गळणे स्वाभाविक आहे. बहुतेक मातांमध्ये सहा ते दहा आठवड्यांच्या दरम्यान निर्मिती व मागणी यांचा मेळ बसतो, स्तन मऊ पडतात आणि गळती कमी होते. या वेळी दूध आटले असे समजून अनेक माता घाबरतात. वस्तुतः ती स्थिरावल्याची खूण असते. उलटपक्षी, ज्यांचे दूध कधीच गळत नाही अशा मातांनाही भरपूर दूध असू शकते.

खऱ्या स्तन्याधिक्यात पुढील गोष्टी एकत्र आढळतात. पाजल्यानंतरही स्तन थोड्याच वेळात ताठरतात. पान्हा फुटताच दुधाची चिळकांडी उडते. बाळ घटघट गिळते, ठसकते, खोकते, स्तन सोडून मागे रेलते, किंवा प्रवाह अडविण्यासाठी स्तनाग्र हिरड्यांत दाबून धरते. पिण्याबरोबर हवा पोटात गेल्यामुळे त्याचे पोट फुगते व ते वारंवार दूध ओकते. त्याचे वजन बहुधा झपाट्याने वाढते. मातेच्या स्तनात गाठी येतात व त्या पुन्हा पुन्हा उद्भवतात.

कित्येकदा बाळाची शी हिरवी व फेसाळ होते. स्तन भरलेला असताना येणाऱ्या दुधात स्निग्धांश कमी असतो. स्तन जसजसा रिता होतो तसतसा तो वाढतो. दुग्धशर्करा मात्र दोन्ही वेळी जवळजवळ सारखीच असते. दूध फार असले म्हणजे बाळाचे पोट प्रत्येक वेळी पहिल्याच दुधाने भरते. स्निग्धांश कमी असलेले दूध आतड्यांतून लवकर पुढे सरकते, सर्व दुग्धशर्करा पचत नाही आणि उरलेली आंबून वायू निर्माण होतो. हे दूध निकृष्ट असते असे मुळीच नव्हे. हिरव्या शीची इतर कारणेही असतात. तीत रक्त दिसल्यास किंवा बाळाचे वजन वाढत नसल्यास डॉक्टरांकडे गेले पाहिजे.

५. कारणे

काही स्त्रियांची प्रकृतीच अशी असते. परंतु पुष्कळदा स्तन्याधिक्य हे मनुष्यकृत असते. दूध पुरणार नाही या भीतीने पाजल्यावरही पंपाने स्तन रिकामे करीत राहणे, हे त्याचे नित्याचे कारण होय. पंपाने काढलेले दूध बाळाने प्यायलेले नसते. परंतु स्तनाला तो भेद कळत नाही. तो मागणी वाढली असे समजून पुरवठा वाढवितो. दूध वाढविण्यासाठी घेतलेली औषधे हे दुसरे कारण आहे. मेटोक्लोप्रमाइड व डोम्पेरिडोन या पोटाच्या औषधांनीही प्रोलॅक्टिन वाढते. थायरॉइड ग्रंथीचे विकार व पिट्यूटरीची गाठ ही विरळ कारणे असून ती रक्ततपासणी व अन्य तपासण्यांनी डॉक्टर शोधू शकतात.

घरात सुईण, सासू किंवा आई यांनी प्रेमाने दिलेल्या पदार्थांचाही विचार करावा. मेथी, शतावरी इत्यादींचा दुधावरील परिणाम सर्व स्त्रियांत सारखा दिसत नाही. तथापि दूध आधीच उतू जात असेल तर ते थांबविण्यात कोणताही तोटा नाही. मातेचा सकस आहार मात्र कमी करू नये. पाणी कमी पिऊन दूध कमी होत नाही. दिल्लीच्या उन्हाळ्यात त्यामुळे मातेच्या शरीरातील पाणी घटून अपाय मात्र होतो.

६. उपाय : पाजण्याची रीत

पहिला उपाय आसनाचा आहे. मातेने पाठीशी उशा घेऊन मागे रेलावे व बाळास आपल्या छातीवर पालथे घेऊन पाजावे. दुधाला वर चढावे लागत असल्याने प्रवाहाचा जोर बाळाच्या आवाक्यात राहतो. कुशीवर निजून पाजल्यास जास्तीचे दूध बाळाच्या तोंडाच्या कडेने खाली ठेवलेल्या फडक्यावर ओघळते. पान्हा फुटून बाळ ठसकले तर त्यास क्षणभर दूर करावे, पहिली धार पंचात टिपून घ्यावी आणि जोर ओसरल्यावर पुन्हा लावावे. मधून मधून बाळास उभे धरून ढेकर काढावी. फार भूक लागण्यापूर्वी पाजल्यास ते अधिक शांतपणे पिते.

दुसरा उपाय एका वेळी एकच बाजू पाजण्याचा. एवढ्याने भागले नाही, तर ठरावीक काळ, उदाहरणार्थ तीन तास, बाळाने कितीही वेळा मागितले तरी त्याच बाजूला घ्यावे आणि पुढील तीन तास दुसऱ्या बाजूला. विसावा घेणारा स्तन भरलेला राहतो व वर सांगितलेल्या नियमानुसार तेथील निर्मिती मंदावते. तो फारच ताठरल्यास हाताने थोडेसेच, केवळ ताण हलका होण्याइतके, दूध काढावे. पूर्ण रिता करू नये. हा उपाय प्रसूतीनंतर चार ते सहा आठवड्यांच्या आत करू नये, कारण तोवर पुरवठा स्थिरावलेला नसतो. तो डॉक्टरांच्या किंवा प्रशिक्षित परिचारिकेच्या सल्ल्याने करावा. बाळाचे वजन नियमित पाहावे व दिवसाकाठी किमान सहा लंगोट ओले होतात याची खात्री करावी. गुण येताच नेहमीची रीत सुरू करावी. अन्यथा दूध गरजेहून कमी होण्याचा धोका आहे.

पंप वापरीत असल्यास तो एकाएकी बंद करू नये. काढण्याचे प्रमाण व वेळा काही दिवसांत क्रमाने कमी कराव्यात. एकदम थांबल्यास दूध कोंडून स्तनदाह होण्याचा संभव असतो.

७. गळतीचा बंदोबस्त

पान्हा फुटताना स्तनात मुंग्या येतात किंवा ओढ लागते. चारचौघांत असताना अशी जाणीव होताच हात छातीवर आडवे घडी घालून तळव्याने किंवा मनगटाजवळच्या भागाने स्तनाग्रावर मिनिटभर सरळ दाब द्यावा, गळती थांबते. हे कधीमधी करावे, वारंवार नव्हे.

चोळीच्या आत जुन्या मऊ सुती धोतराच्या चार पदरी गोल घड्या ठेवाव्यात. त्या धुऊन, उन्हात वाळवून पुन्हा वापरता येतात, आणि बाजारातल्या पॅडपेक्षा फार स्वस्त पडतात. प्लॅस्टिकचे अस्तर असलेली पॅड टाळावीत. त्यांच्या आत ओल साचून त्वचा पांढुरकी व हुळहुळी होते. उन्हाळ्यात दिल्लीचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते, तेव्हा घाम व दूध यांच्या ओलीत बुरशीचा संसर्ग बळावतो. म्हणून घडी ओली होताच बदलावी. थंडीत हीच ओली घडी छातीला गारठा देते. गडद रंगाचे किंवा नक्षीदार वस्त्र, आणि वर पदर किंवा ओढणी असल्यास डाग दिसत नाही. रात्री अंगाखाली जाड टॉवेल घालावा. घट्ट पट्ट्याने स्तन आवळून बांधणे मात्र अपायकारक आहे. त्याने नलिका दबून गाठी होतात.

उन्हाळ्यात दूध भरपूर असूनही बाळाला तहान लागेल म्हणून पाणी पाजण्याची चाल आहे. सहा महिन्यांपर्यंत त्याची आवश्यकता नाही, कारण मातेच्या दुधात पाण्याचा अंशच सर्वाधिक असतो. उलट अशुद्ध पाण्याने जुलाब लागतात.

८. गाठ आणि स्तनदाह

जुन्या पुस्तकांतून गाठ आल्यास जोराने चोळावे, खूप शेकावे व स्तन पूर्ण रिता करावा, असा सल्ला आढळतो. आता तो मागे पडला आहे. गाठ म्हणजे केवळ नलिकेत अडकलेला दुधाचा खडा नसून, सभोवतालच्या ऊतींना आलेली सूज असते. जोराने चोळल्यास ती सूज वाढते, आणि अधिक दूध काढल्यास अधिक दूध तयार होते. म्हणून बाळास नेहमीप्रमाणे पाजत राहावे, पाजून झाल्यावर फडक्यात गुंडाळलेला बर्फ किंवा थंड पाण्याची घडी ठेवावी व विश्रांती घ्यावी. वेदना व सूज यांवर डॉक्टरांच्या सल्ल्याने आयब्युप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल घेता येते.

ताप, थंडी वाजणे, स्तनावर लाल तापलेला भाग ही लक्षणे चोवीस तासांत न ओसरल्यास डॉक्टरांकडे जावे. प्रतिजैविकांची गरज भासू शकते. स्तनदाहात पाजणे बंद करू नये, ते दूध निरोगी बाळास अपायकारक नसते. दूध नासले किंवा दृष्ट लागली म्हणून पाजणे थांबविणे आणि उपचारास विलंब करणे हे गळवाला आमंत्रण होय.

९. औषधे आणि मोगरा

दूध कमी करणारी औषधे आहेत. परंतु इतर उपाय थकल्यावर आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ती घ्यावीत. इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्या, सर्दीवरील स्यूडोएफेड्रिन आणि प्रोलॅक्टिन कमी करणारे कॅबर्गोलीन ही त्यांपैकी काही. प्रत्येकाचे दुष्परिणाम आहेत, आणि एकदा आटलेले दूध परत आणणे सोपे नसते.

दक्षिण भारतात मोगऱ्याच्या माळा स्तनांवर बांधून दूध आटविण्याची चाल आहे. वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील संशोधकांनी तिची परीक्षा केली. ज्या स्त्रियांचे दूध बंद करणे आवश्यक होते, त्यांच्यापैकी काहींना ब्रोमोक्रिप्टीन हे औषध व काहींना मोगरा दिला गेला. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दोन्ही गटांत रक्तातील प्रोलॅक्टिन उतरले; ते ब्रोमोक्रिप्टीनने अधिक उतरले, तरी दूध आटण्याच्या बाबतीत मोगराही उपयोगी ठरला. लोकाचार तपासून पाहण्याजोगा असतो, याचे हे बोलके उदाहरण आहे. परंतु ज्या मातेला पाजणे चालू ठेवायचे आहे, तिने दूध आटविणारा उपाय करू नये.

१०. जास्तीच्या दुधाचा सदुपयोग

काढावे लागलेले दूध फेकण्याचे कारण नाही. २५ अंश तापमानापर्यंत ते स्वच्छ झाकलेल्या भांड्यात चार तास टिकते, व शीतकपाटात चार दिवसांपर्यंत. दिल्लीच्या उन्हाळ्यात ते लगेच शीतकपाटात ठेवावे.

अपुऱ्या दिवसांच्या ज्या बालकांना स्वतःच्या मातेचे दूध मिळत नाही, त्यांच्यासाठी दुग्धपेढ्या स्थापन झाल्या आहेत. आशियातील पहिली दुग्धपेढी डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात सुरू झाली. करोल बागेपासून काही किलोमीटरवर, लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असलेल्या कलावती सरन बालरुग्णालयात २०१७ मध्ये 'वात्सल्य मातृ अमृत कोश' उघडण्यात आला. तेथे दूध स्वीकारले जाते, तसेच पाजण्यात अडचण येणाऱ्या मातांना सल्लाही दिला जातो. अशा पेढ्यांत दात्या मातेची रक्ततपासणी होते व दूध ६२.५ अंश सेल्सिअसवर तीस मिनिटे तापवून निर्जंतुक केले जाते. हे दान होय, व्यापार नव्हे. मानवी दुधाच्या विक्रीस परवानगी नाही, हे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२४ मध्ये स्पष्ट केले. तपासणीवाचून परस्पर दुसऱ्याच्या बाळास दूध देऊ नये. तसेच, दानासाठी म्हणून मुद्दाम जास्त दूध काढीत राहिल्यास स्तन्याधिक्य कायमच राहील, हे दात्या मातेने ध्यानात ठेवावे.

११. समाजाचे कर्तव्य

नोकरी करणाऱ्या मातेला अनेक तास बाळापासून दूर राहावे लागते. स्तन दाटतात व गळतात, आणि दूध काढण्यास आडोसाही नसतो. १९६१ च्या मातृत्वलाभ कायद्याने तिला बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळेत पाजण्यासाठी दोन विश्रांती दिल्या; २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा सव्वीस आठवड्यांची केली आणि पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर आवश्यक ठरविले. या तरतुदी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ठेवण्यात आल्या. महाराष्ट्रातील एस. टी. स्थानकांवर पाजणाऱ्या मातांसाठी असलेल्या कक्षांना हिरकणीचे नाव देण्यात आले आहे. तान्ह्यासाठी रायगडाचा कडा उतरून जाणाऱ्या त्या मातेचे स्मरण यथोचितच आहे. परंतु आजच्या मातेला कडा उतरावा लागू नये, हे पाहणे इतरांचे काम आहे.

१२. सारांश

दूध वाहणे हे दुखणे नव्हे. तो पान्ह्याचा स्वाभाविक धर्म आहे व बहुधा काही आठवड्यांत तो आपोआप आवरतो. दूध खरोखर अधिक असेल तर त्याचे मूळ सूत्र एकच : जितके काढावे तितके वाढते, जितके राहू द्यावे तितके घटते. आसन बदलणे, एका वेळी एक बाजू पाजणे, पंप हळूहळू कमी करणे आणि दूध वाढविणारे पदार्थ थांबविणे या साध्या उपायांनी बहुतेक मातांना आराम पडतो. ताप, न विरघळणारी गाठ किंवा बाळाचे न वाढणारे वजन यांबाबत वैद्यकीय सल्ला लांबणीवर टाकू नये. तसेच, मूल अंगावर पीत नसता स्तनाग्रातून दूध येऊ लागल्यास, किंवा केव्हाही एकाच बाजूने रक्तमिश्रित स्राव होत राहिल्यास तपासणी करून घ्यावी. बाळ रडते म्हणजे ते उपाशीच आहे, हा निष्कर्ष काढण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांनी त्याला पिताना एकदा नीट पाहावे. ते ठसकत असेल, तर मातेला आणखी एक लाडू देण्याऐवजी तिच्या पाठीशी दोन उशा द्याव्यात.